पाण्याखालची ठिणगी

(दादरला दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पहिल्या रांगेतून एक काचेची कुपी निघाली आहे. उजेडासमोर धरून बघा आणि मागे द्या. भरपूर पाणी घातलेल्या कोकम सरबतासारखा रंग दिसेल, पण त्यात रंग म्हणून काहीही टाकलेलं नाही. पाणी आहे आणि सोनं आहे, तेही जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. झवेरी बाजारात पिवळं दिसणारं सोनं दहा-वीस नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या दहा-वीस अब्जांशांएवढ्या, कणांत वाटलं गेलं की ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा हिरवा प्रकाश गिळतं, आणि आपल्या डोळ्यांपर्यंत लाली पोचते. मायकेल फॅरडेंनी १८५७ साली असं लाल सोनं रसायनं वापरून केलं होतं. या कुपीतलं सोनं रसायनांशिवाय केलेलं आहे. सोन्याचा पत्रा पाण्यात बुडवला आणि वरून लेसर मारला, एवढंच.

हे कसं होतं ते सांगण्याआधी लोहाराकडे जाऊ. गावी ज्यांनी भाता चालताना पाहिलाय त्यांना आठवेल: लालभडक कोयता लोहार एकदम पाण्यात बुडवतो. त्याला तो ‘पाणी देणं’ म्हणतो. तोच कोयता राखेत हळूहळू निवू दिला तर मऊ राहतो. पोलादातल्या कार्बनच्या अणूंना आपापल्या सोयीच्या जागी जायला वेळ लागतो, आणि पाणी तो वेळच देत नाही. अणू जिथे अडकले तिथेच राहतात, म्हणून धार टिकते. आजचं माझं सगळं म्हणणं या पाणी देण्याभोवतीच आहे.

आता प्रयोगशाळा. चंचुपात्राच्या तळाशी सोन्याचा पत्रा, त्यावर काही मिलिमीटर शुद्ध पाणी. वर भिंग, आणि भिंगातून येणारं निओडिमियम-याग लेसरचं १०६४ नॅनोमीटरचं किरण. ते डोळ्यांना दिसत नाही, पापणीही मिटत नाही. म्हणून चष्म्याशिवाय त्या खोलीत मी कोणालाही येऊ देत नाही, अगदी पाहुण्यांनाही नाही. हा लेसर सलग नाही, झटक्याझटक्यानं येतो; त्या एकेका झटक्याला स्पंद म्हणतात. एका स्पंदात १०० मिलिज्यूल ऊर्जा असते, आणि ती १० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा अब्जांशांत, ओतली जाते. सेकंदाला दहा स्पंद धरले तर सरासरी शक्ती भरते एक वॅट, म्हणजे झोपताना लावायच्या दिव्याइतकी. पण त्या १० नॅनोसेकंदांपुरती ती असते एक कोटी वॅट! ताशी १०० किलोमीटरनं धावणारी विरार फास्ट तेवढ्या वेळात पाव मायक्रॉनच्या जरासं पुढे सरकते. केसाची जाडी याच्या दोन-अडीचशे पट असते.

पत्र्यावर ठिणगी पडते आणि कट्ट असा आवाज येतो. सोन्याचा पातळसा थर वितळतो, उकळतो, त्याचा प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेला तप्त वायू. तापमान हजारो अंशांवर जातं. हवेत हा प्लाझ्मा पसरून गेला असता. पाणी त्याला पसरू देत नाही, दाबून धरतं, त्यामुळे दाब वातावरणाच्या हजारो पटींवर चढतो. मग भोवतीच्या पाण्याची वाफ होऊन मिलिमीटरभराचा बुडबुडा फुगतो, काही शे मायक्रोसेकंद टिकतो आणि बसतो. तेवढ्यात सोन्याचे अणू एकमेकांना बिलगून कण झालेले असतात, आणि ते पाण्यात सुटतात.

इथे मला पुण्याचं नाव घ्यायचंय, आणि अभिमानानं घ्यायचंय. घन आणि द्रव यांच्या सीमेवर स्पंद-लेसर मारून नवा पदार्थ घडवण्याचं आद्य काम म्हणून जगभरचे संशोधक ज्या निबंधाचा दाखला देतात, तो १९८७ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला, पुणे विद्यापीठातून. पी. पी. पाटील, एस. बी. ओगले, व्ही. जी. भिडे आणि त्यांचे सहकारी. त्यांनी पाण्यातल्या लोखंडावर माणकाचा लेसर मारला आणि एरवी न टिकणारं लोखंडाचं ऑक्साइड पकडलं. फेरस ऑक्साइड सुमारे ५७० अंश सेल्सिअसच्या खाली स्थिर नसतं. हळू निवलं तर त्याचं लोखंड आणि मॅग्नेटाइट (लोखंडाचं दुसरं एक ऑक्साइड) होतं. इथे त्याला तेवढी सवडच मिळाली नाही. त्यांनी या क्रियेला दिलेल्या नावात ‘क्वेंचिंग’ हा शब्द आहे. क्वेंचिंग म्हणजे आपल्या लोहाराचं पाणी देणंच. पुढे १९९८ साली चिनी संशोधकांनी पाण्यात ग्रॅफाइटवर लेसर मारून हिऱ्याचे नॅनोस्फटिक मिळवले. तत्त्व तेच. आपल्या पदार्थविज्ञानाच्या वर्गांत पुण्याचा हा प्रयोग क्वचितच सांगितला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एवढा खटाटोप कशासाठी? रासायनिक पद्धतीत कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर सायट्रेटसारख्या रेणूंचं अस्तर चढतं. पण असे कण उत्प्रेरक म्हणून, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग द्यायला, वापरायचे तर ते काम उघड्या पृष्ठभागावर चालतं. एक ग्रॅम सोन्याचा ठोकळा केला तर त्याचा पृष्ठभाग ८३ चौरस मिलिमीटर भरतो. त्याच एका ग्रॅमचे १० नॅनोमीटरचे कण केले तर ३१ चौरस मीटर, म्हणजे मुंबईतली एक वन रूम किचन! ही सगळी जागा मोकळी, स्वच्छ मिळते, हे या पद्धतीचं खरं मोल.

अडचणीही आहेत. कण एका मापाचे येत नाहीत. पाच नॅनोमीटरच्या शेजारी चाळीसचा सापडतो. हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा लेसर वापरला तर आधी तयार झालेले कणच तो गिळतात आणि पत्र्यापर्यंत कमी पोचतो. पत्रा सतत सरकवावा लागतो, नाहीतर एकाच जागी खड्डा पडतो. आणि आमच्यासारख्या छोट्या लेसरवर दिवसभर बसून मिळतात ते मिलिग्रॅम.

कुपी परत आली का? आता यात चिमूटभर मीठ टाकतो. या कणांवर विद्युतभार आहे, तोच त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मिठाचे आयन, म्हणजे त्याचे विद्युतभारित अणू, तो भार झाकून टाकतील. मागच्यांनी उभं राहायला हरकत नाही. बघा, लाली गेली, निळसर झालं. कण एकमेकांना चिकटले. आता कितीही हलवलं तरी ती लाली परत येणार नाही.