फोन ऐकण्याचा आदेश तपासतं कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

२००८ साली मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा अतिरेकी आणि त्यांचे सीमेपलीकडचे सूत्रधार फोनवर काय बोलताहेत, हे आपल्या यंत्रणा ऐकत होत्या. तेच संभाषण पुढे न्यायालयात पुरावा म्हणून उभं राहिलं. त्यामुळे सरकारनं कुणाचाच फोन ऐकू नये, असं मी म्हणणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. कुणाचा फोन ऐकायचा, हे ठरवतं कोण आणि ते तपासतं कोण?

उत्तर प्रदेशातल्या खरक सिंह यांची दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटका झाली होती. तरी शिपाई रात्री-अपरात्री त्यांच्या दारावर थाप मारायचे, हाका मारून झोपेतून उठवायचे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं हे थांबवलं, पण खासगीपणाला मूलभूत हक्क मानायला बहुमतानं नकार दिला. ती मान्यता मिळायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. नऊ न्यायमूर्तींनी एकमुखानं सांगितलं, की हा हक्क घटनेतच आहे.

आता दारावर थाप पडत नाही. गृहसचिव आदेश काढतात, तो ६० दिवस चालतो आणि १८० दिवसांपर्यंत वाढवता येतो. त्याची छाननी करणाऱ्या समितीत सगळे सचिवच, न्यायाधीश एकही नाही. २०१८ साली, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं नोंदवलं, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या बैठकीपुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. एवढे कागद एका बैठकीत कोण वाचणार? सह्या होतात, इतकंच! २०२४ साली नवे नियम आले, तरी समिती सचिवांचीच राहिली.

२०१९ साली मुंबई उच्च न्यायालयानं लाचखोरीच्या प्रकरणातले असे तीन आदेश रद्द केले. असा आदेश काढायला लागणारा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच त्या गुन्ह्यात नव्हता. पण त्या आरोपीला दाद मागता आली, कारण त्याच्यावर आरोपपत्र दाखल झालं होतं. ज्याच्यावर कधी खटलाच होत नाही, त्याला फोन ऐकला गेल्याचा पत्ताही लागत नाही. मग त्यानं जायचं कुठं?

म्हणून माझा आग्रह आहे, की तातडीच्या वेळी आदेश जरूर आधी निघावा, पण चार दिवसांत तो न्यायाधीशापुढे गेला पाहिजे. आणि तपासात काहीच निघालं नाही, तर त्या माणसाला सरकारनं तसं लेखी कळवलं पाहिजे.