हेगेमोन : पुढे चालणारा

अध्यक्षांनी प्रास्ताविकात ‘आजचे वक्ते जागतिक हेजेमनीवर बोलणार आहेत’, म्हणजे एका देशाच्या इतरांवरच्या वर्चस्वावर, असं सांगितलं आणि पुढच्या रांगेतल्या मंडळींचे चेहरे खुलले. त्यांची निराशा करतो. अमेरिका आणि चीन माझ्या टिपणात नाहीत. मी बोलणार आहे तो त्यामागचा ग्रीक शब्द ‘हेगेमोन’, आणि तो जेव्हा ग्रीकांच्या तोंडी रोज होता तेव्हाचा.

‘हेगेओमाई’ हे ग्रीक क्रियापद. अर्थ पुढे चालणं, वाट दाखवणं. त्याचा ‘मानणं, समजणं’ असाही एक अर्थ आहे, पण त्यात शिरलो तर आपलं जेवण चुकेल. त्यावरून हेगेमोन, म्हणजे पुढे चालणारा. मराठीला इथे कोश उघडावा लागत नाही. पुढारी! फारसीतून आलेला पेशवाही तोच, कारण ‘पेश’ म्हणजे पुढे. संस्कृतातला अग्रणी तोच. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रीकांच्या लेखी ‘हेगेमोनिया’ आणि ‘आर्खे’, म्हणजे पुढारपण आणि सत्ता, या दोन वेगळ्या चिजा होत्या. पुढारपण मागून येणाऱ्यांच्या खुशीवर चालतं, सत्तेला ती लागत नाही. अथेन्सने पहिल्याचं दुसरं कसं केलं, ते आज सांगायचं आहे.

पण आधी एक तक्रार. एका मासिकाला, नाव घेत नाही, मी याच विषयावर लेख दिला होता. संपादकांना ‘पुढारपण’ शब्द गावठी वाटला असावा. त्यांनी एकजात सगळीकडे ‘वर्चस्व’ केलं आणि ‘हेगेमोन’ दिसला की ‘वर्चस्ववादी’. अंक हातात आला तेव्हा त्यात छापलं होतं : ‘बर्फातून सैन्याच्या पुढे एक वर्चस्ववादी चालला होता. त्याला बांधलं नव्हतं, म्हणून तो रात्री पळून गेला.’ (हशा) हसा, हसा. मला तेव्हा हसू आलं नव्हतं.

मूळ हकिकत झेनोफोनची, हा अथेन्सचा लेखक स्वतः त्या सैन्यात होता. इ.स.पू. 401 मध्ये दहा हजारांच्या आसपास भाडोत्री ग्रीक शिपाई इराणी साम्राज्याच्या पोटात अडकले. ज्या राजपुत्रासाठी लढायला गेले तो कुनाक्साच्या लढाईत मारला गेला, सेनापती दग्याने पकडले गेले. उरलेले उत्तरेला समुद्राकडे निघाले. मुलूख अनोळखी, डोंगर, वर हिवाळा. अशा वेळी सर्वांत महत्त्वाचा माणूस कोण? स्थानिक वाटाड्या. झेनोफोन त्याला म्हणतो हेगेमोन. आर्मेनियात एका गावचा पाटील असा धरून पुढे घातला होता. तिसऱ्या दिवसापर्यंत वाटेत एकही गाव लागलं नाही, म्हणून खिरिसोफस या स्पार्टन सेनानीने त्याला मारलं, पण बांधलं नाही. पाटील रात्रीतून पसार, मुलाला मागेच टाकून. त्यावरून खिरिसोफस आणि झेनोफोनचं वाजलं, आणि झेनोफोन लिहितो की सगळ्या प्रवासात आमचं भांडण झालं ते एवढंच. पुढे एका वाटाड्याने शब्द दिला की पाच दिवसांत समुद्र दाखवतो, नाही दाखवला तर मला मारा. त्याने दाखवला. ‘थालात्ता, थालात्ता’, म्हणजे ‘समुद्र, समुद्र’, ही प्रसिद्ध आरोळी तिथलीच. बक्षीस म्हणून त्याला घोडा, चांदीचं पात्र, इराणी पोशाख आणि दहा दारिक, म्हणजे इराणी सोन्याची नाणी, मिळाले. वर त्याने शिपायांच्या बोटांतल्या अंगठ्या मागून घेतल्या. पुढारी झाला तरी व्यवहार सुटत नाही.

तर या हेगेमोनला अधिकार काय होता? काही नाही. त्याला वाट ठाऊक होती आणि लोक त्याच्या मागून चालत होते. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या राणीलाही ॲरिस्टॉटल हाच शब्द वापरतो. आणि दुसरं टोक बघायचं तर नवा करार उघडा. ग्रीकमध्ये लिहिलेल्या त्या ग्रंथात रोमन अधिकारी पिलात हा हेगेमोन आहे, मराठी बायबलात तो ‘सुभेदार’ होतो. वाटाड्यापासून सुभेदारापर्यंत! पंडिता रमाबाई बायबलाच्या मराठी भाषांतरासाठी ग्रीक आणि हिब्रू शिकल्या होत्या, त्यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. कार्यवाहांनी नोंद घ्यावी.

आता माझी आवडती गोष्ट, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या सातव्या पुस्तकातली. इराणचा राजा झर्क्सीस प्रचंड फौज घेऊन ग्रीसवर येतोय. ग्रीकांचे वकील सिसिलीत सिराक्यूजचा सत्ताधीश गेलोन याच्याकडे मदत मागायला जातात. गेलोन आधी जुना हिशेब काढतो. मला कार्थेजविरुद्ध मदत हवी होती तेव्हा तुम्ही कुठे होता? मग म्हणतो, जाऊ द्या, मी उदार आहे. दोनशे युद्धनौका देतो, वीस हजार पायदळ देतो, दोन हजार घोडेस्वार, तितकेच तिरंदाज, तितकेच गोफणवाले, आणि युद्ध संपेपर्यंत सगळ्या ग्रीक सैन्याला धान्य. अट एकच, हेगेमोन मी.

स्पार्टाचा वकील स्याग्रस उसळला. स्पार्टाचं पुढारपण सिराक्यूजच्या माणसाने काढून घेतलं हे ऐकून आगामेम्नोन केवढ्याने हंबरडा फोडेल! मदत करायची तर आमच्या हाताखाली कर, नाहीतर करू नकोस. आगामेम्नोन, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा पुढारी, गेलेला काही शतकांपूर्वी, तोही दंतकथेत. पण आपल्याकडेही सभेत कुणाचे खापरपणजोबा उठून बसतील याचा नेम नसतो. गेलोन राग गिळून म्हणाला, बरं, तुम्ही जमिनीवर पुढारी व्हा, मी समुद्रावर. किंवा उलट. स्पार्टनाने तोंड उघडायच्या आत अथेन्सचा वकील बोलला : ग्रीसने आम्हांला सैन्य मागायला पाठवलंय, पुढारी मागायला नाही. आरमार स्पार्टा मागत असेल तर देऊ, तुला नाही. आम्ही ग्रीकांत सर्वांत प्राचीन, कधी स्थलांतर न केलेले. वर होमरचा दाखलाही जोडला.

गेलोनने उत्तर दिलं, अथेन्सच्या पाहुण्या, तुमच्याकडे पुढारी आहेत असं दिसतंय, मागे चालणारे मात्र मिळायचे नाहीत. लवकर परत जा आणि ग्रीसला सांगा की तिच्या वर्षातला वसंत गेला.

तूही राणी, मीही राणी, मग पाणी कोण आणी! गेलोनचं हे वाक्य मी प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर लावायला तयार आहे. (हशा) आणि गेलोनही काही साधा नव्हता. त्याने लगेच कॅडमस नावाच्या माणसाला तीन जहाजं आणि भरपूर पैसा देऊन डेल्फीला बसवलं. झर्क्सीस जिंकला तर त्याला द्यायला नजराणा. ग्रीक जिंकले, तेव्हा या कॅडमसने सगळा पैसा परत आणून दिला, याचं हिरोडोटसला फार कौतुक.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं’ लिहून त्यातला दहा खोडलाय आणि पाच केलाय. ठीक आहे, मुद्द्यावर येतो.

इ.स.पू. 480 मध्ये सलामिसला इराणी आरमाराशी गाठ पडली तेव्हा अथेन्सची 180 जहाजं होती, स्पार्टाची 16. तरी ग्रीकांच्या एकत्र आरमाराचा सेनापती स्पार्टन, युरिबायडिस. कारण बाकीच्या मित्रांनी आधीच सांगितलं होतं की आम्ही अथेन्सच्या मागे जाणार नाही. अथेन्सने गिळलं. दोनच वर्षांनी स्पार्टाचा सेनापती पाउसानियास बायझँटियमला इराणी थाटात वागू लागला, मित्रांना भेटेना. मित्रांनी अथेन्सला गाठलं : तुम्ही पुढे व्हा. स्पार्टाने बदली माणूस पाठवला, डॉर्किस. त्याला कुणी हेगेमोनिया दिलीच नाही, तो परत गेला. पुढाऱ्याला असं काढता येत होतं!

मग अथेन्सच्या पुढारपणाखाली मित्रांचा संघ झाला, डेलॉस बेटावरचा म्हणून डेलॉसचा संघ. अथेन्सच्या आरिस्टायडिसने वर्गणी ठरवली, इतिहासकार थ्युसिडिडीसच्या मते 460 टॅलंट (टॅलंट हे चांदी तोलायचं माप). थ्युसिडिडीसचे शब्द नेमके आहेत : सुरुवातीला अथेनियन हे स्वायत्त मित्रांचे हेगेमोन होते, मित्र एकत्र बसून ठरवत. पुढे नॅक्सॉस बेट संघातून बाहेर पडायला निघालं तर त्याला वेढा घालून वाकवलं. 454 मध्ये खजिना डेलॉसहून अथेन्सला आला. आणि 430 मध्ये अथेन्सचा नेता पेरिक्लीस आपल्याच लोकांना म्हणतो, तुमची आर्खे आता जुलूमशाहीसारखी आहे, ती घेणं अन्याय्य असेलही, पण सोडणं धोक्याचं आहे. हेगेमोनियाची आर्खे पन्नास वर्षांच्या आत झाली. ग्रीकमध्ये आर्खे म्हणजे सत्ता आणि आरंभही. अथेन्सच्याच आयसोक्रेटिस या लेखकाने नंतर त्यावर कोटी केली की समुद्रावरची आर्खे हीच आपल्या संकटांची आर्खे ठरली.

337 मध्ये मॅसेडोनियाचा राजा फिलिप ग्रीक नगरांच्या कॉरिंथ संघाचा हेगेमोन झाला, आणि नगरं त्याच्या हुकमाबरहुकूम लढायची शपथ घेऊ लागली. म्हणजे शब्द तोच, आतला माल आर्खेचा. स्पार्टा बाहेर राहिलं. अलेक्झांडरलाही त्यांनी कळवलं, दुसऱ्यांच्या मागे जाणं आमच्यात नाही, आम्ही पुढे चालतो. तोवर त्यांच्यामागे फारसं कुणी उरलं नव्हतं.

पत्रिकेत इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शीही छापलाय. मुसोलिनीच्या तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत त्याने हाच शब्द उचलला आणि त्यात संमती परत आणली : नुसत्या दंडुक्यावर नाही, लोकांनी मनाने मान्य केल्यावर चालतं ते. आपल्या अभ्यासकांनी त्याला ‘धुरीणत्व’ म्हटलं, ते मला वर्चस्वापेक्षा शंभर पटींनी आवडतं. धुरीण म्हणजे धुरेला जुंपलेला, अर्थात बैल. त्यावर पुढच्या रांगेचं म्हणणं प्रश्नोत्तरांत ऐकू, अध्यक्षांनी माईक मागितला आहे.