‘तो’ की ‘हो’? काळजाच्या गोष्टीचे कोरियन गायन

श्रोतेहो, जांभळाच्या झाडावरचे माकड आणि त्याच्या काळजाच्या मागे लागलेली मगर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत. पंचतंत्रात आणि जातकांत येणारी ही कथा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे कोरियात पोहोचली, तेव्हा माकडाचा ससा झाला, मगरीचे कासव झाले, आणि मगरीच्या बायकोऐवजी समुद्रतळाचा ड्रॅगनराजा आजारी पडला. संस्कृतात जे हृदय होते ते कोरियनमध्ये यकृत झाले. मराठीतल्या ‘काळीज’ या शब्दात मात्र दोन्ही मावतात, हा आपला फायदा. 1145 सालच्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात ही गोष्ट आहे, आणि तिथे ती शत्रूच्या कैदेतल्या एका मुत्सद्द्याला सुटकेची युक्ती सुचवण्यासाठी सांगितली जाते.

आज मला बोलायचे आहे ते ही गोष्ट गायली जाते तेव्हा तिचे काय होते याबद्दल. पान्सोरी या प्रकारात चटईवर दोनच माणसे असतात: हातात पंखा घेतलेला एक गायक किंवा गायिका, आणि बाजूला बसलेला ढोलवादक. गाणे, गद्य निवेदन आणि हावभाव यांतून हा एकटा गायक राजा, दरबारी मासे, कासव, ससा असे सगळे होतो. कीर्तनकाराचे आख्यान ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. वादक डाव्या तळव्याने आणि उजव्या हातातल्या काठीने ढोल वाजवता वाजवता ‘ऑल्शिगु!’, ‘चोता!’ अशी दाद देतो, आणि जाणकार श्रोतेही देतात. पोवाड्यात झीलकऱ्यांचा ‘जी जी’ नसेल तर शाहिराचा दम जसा पुरत नाही, तसेच इथेही आहे. ‘पहिला वादक, दुसरा गायक’ अशी म्हणच कोरियनमध्ये आहे. पूर्वीच्या बारा आख्यानांपैकी पाच आज गायली जातात, आणि सशाचे आख्यान, ‘सुगुंगगा’, त्यांतले एक आहे.

त्यातला एक प्रसंग जातकात नाही आणि पंचतंत्रातही नाही. समुद्रातून निघालेले कासव हनुवटीने जमीन रेटत कसेबसे डोंगरापाशी येते आणि ‘तो सेंगवन’, म्हणजे ‘ससेपंत’, अशी हाक मारू पाहते. पण हनुवटी आखडल्यामुळे ‘तो’चा उच्चार ‘हो’ होतो, आणि ‘हो’ म्हणजे वाघ. आजवर आपल्याला कोणी ‘पंत’ म्हटले नव्हते, म्हणून वाघोबा हरखून डोंगर उतरू लागतात. इथे ताल बदलतो. ‘ऑन्मोरी’ हा दहा मात्रांचा, तीन-दोन-तीन-दोन असा लंगडता ताल सुरू होतो. आपल्या झपतालाच्याही मात्रा दहाच, पण तिथे दोन आधी येतात. इथे तीन आधी आल्याने प्रत्येक पाऊल जड पडून मग घसरल्यासारखे वाटते, आणि वाघाचे वर्णन पुरे होण्याआधीच त्याची चाल कानांना दिसू लागते. कागदावर हा विनोद समजावून सांगावा लागतो, गाणाऱ्याच्या तोंडी तो आपोआप घडतो. म्हणून हा प्रसंग लिहिणाऱ्याला नव्हे, गाणाऱ्यालाच सुचला असावा असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी पान्सोरीतून ‘चांगगुक’ हे संगीत नाटक निघाले. भूमिका वेगवेगळ्या नटांना वाटल्या गेल्या, नेपथ्य आले. आपल्या संगीत नाटकावर वाढलेल्या मला ते आवडते. तरीही चुकणारे कासव आणि ती चूक खरी मानणारा वाघ एकाच कंठातून निघण्यात जी गंमत होती, ती दोन नटांत विभागली की पातळ होते. अलीकडे ‘इनालची’ या वाद्यवृंदाने हाच प्रसंग दोन बास गिटार आणि ड्रमवर बसवला, आणि 2020 मध्ये एका नृत्यसंस्थेच्या नर्तकांसह तो जगभर पाहिला गेला. त्या नर्तकांपैकी कोणीही वाघ होत नाही. टोप्या आणि गडद चष्मे घातलेली ती मंडळी फक्त ताल अंगात घेतात, आणि वाघ पुन्हा गाणाऱ्यांच्या गळ्यात राहतो.