कमी बोलणारा कॅप्टन : अजित वाडेकर, 1971 आणि 1974

नमस्कार मंडळी. आज स्वभाव आणि लीडरशिप यावर बोलायचंय, आणि ते सगळं एकाच माणसाला धरून बोलणार आहे. अजित वाडेकर.

कारण असं की लीडर म्हटलं की आपल्याकडे एकच चित्र डोळ्यासमोर येतं, मोठा आवाज, टेबलावर हात आपटून बोलणारा, चार लोकांत उठून दिसणारा. आणि जो पोरगा मुळातच कमी बोलतो त्याला शाळेपासून ऐकावं लागतं की अरे जरा बोलता हो, असा घुम्यासारखा राहिलास तर कोण विचारणार तुला. वाडेकर असेच होते, कमी बोलणारे. दादर-शिवाजी पार्कच्या क्रिकेटमध्ये वाढलेला डावखुरा बॅट्समन, स्टेट बँकेत नोकरी. आणि त्यांच्या हातात टीम कुणाकडून आली? थेट पतौडींकडून. नवाब, एकविसाव्या वर्षी, 1962 मध्ये, भारताचे कॅप्टन झालेले, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नसताना खेळणारे, लोकांच्या गळ्यातला ताईत. 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी सिलेक्शन कमिटीत मतं समसमान पडली, अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं जादा मत वाडेकरांच्या बाजूने टाकलं आणि कॅप्टन बदलला. पतौडींनी त्या दौऱ्यातून आपलं नावच काढून घेतलं. म्हणजे विचार करा, एका मताने मिळालेली खुर्ची, आणि देशभरातल्या बऱ्याच लोकांना ती तुम्हाला मिळालेली पटलेलीच नाही.

अशा वेळी नव्या माणसाला काय वाटतं, तर आपण काहीतरी करून दाखवावं, आवाज चढवावा, साहेब कोण आहे ते कळू द्यावं. वाडेकरांनी काय केलं तर दिलीप सरदेसाईला टीममध्ये घ्या म्हणून आग्रह धरला. सरदेसाई म्हणजे आपला मडगावचा माणूस, तेव्हा टेस्ट टीमच्या बाहेर, लोकांनी त्याला संपलेला धरलं होतं. वाडेकर मुंबईकडून त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं खेळलेले, त्यांना माहीत होतं याच्यात अजून किती क्रिकेट आहे.

आता किंगस्टनची पहिली टेस्ट बघा. (इथे स्क्रीनवर स्कोअरकार्ड.) पहिला दिवस अख्खा पावसात गेला. नंतर आपण 75 वर 5 आऊट, संपलं असंच वाटावं. तिथून सरदेसाई उभा राहिला तो 212 करूनच गेला, सोबत सोलकरचे 61, मग खाली प्रसन्नाने साथ दिली, आणि आपले झाले 387. वेस्ट इंडीज 217 ला ऑलआऊट. लीड 170.

इथे नियमाची गोष्ट आहे ती नीट ऐका. पाच दिवसांच्या मॅचमध्ये फॉलोऑन द्यायला, म्हणजे समोरच्या टीमला लगेच पुन्हा बॅटिंगला पाठवायला, 200 ची लीड लागते, पण पहिला दिवस पूर्ण वाया गेला तर ती मॅच चार दिवसांची धरतात आणि मग 150 पुरते. वाडेकरांच्या हे पक्कं डोक्यात होतं. ते उठले, समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि गॅरी सोबर्सला सांगितलं, तुम्ही पुन्हा बॅटिंग करा. त्या काळातला जगातला सगळ्यात मोठा ऑलराउंडर, त्याच्या घरच्या मैदानांवर, आणि भारताने वेस्ट इंडीजला त्याआधी एकही टेस्ट कधी हरवलेली नाही. मॅच पुढे ड्रॉ झाली, त्यांनी दुसऱ्या इनिंगला 385 केले, म्हणजे रिझल्टच्या दृष्टीने फॉलोऑनने काही फरक पडला नाही. पण मला विचाराल तर सिरीज तिथे फिरली. आपल्याच पोरांनी पाहिलं ना की हा माणूस काही न बोलता उठतो आणि सोबर्सच्या दारात जाऊन उभा राहतो.

पुढची टेस्ट पोर्ट ऑफ स्पेनला. गावस्करची पहिलीच टेस्ट ही, याच सिरीजमध्ये त्याने चार टेस्टमध्ये 774 रन केले. पण माझ्यासाठी या मॅचमधली खरी जागा सलीम दुराणीची आहे. दुराणी म्हणजे मनस्वी माणूस, मूड लागला तर जादू, नाहीतर काही नाही, असल्या खेळाडूंना सांभाळायचं म्हणजे कॅप्टनची डोकेदुखी. दुसऱ्या इनिंगमध्ये वाडेकरांनी त्याच्या हातात बॉल दिला आणि त्याने सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि क्लाइव्ह लॉईडलाही काढलं, लॉईडचा कॅच स्वतः वाडेकरांनी घेतला. आपण 7 विकेटने जिंकलो आणि ती सिरीज 1-0.

मग इंग्लंड, त्याच वर्षी. ओव्हलची टेस्ट, ऑगस्ट 1971. चंद्रशेखरने इंग्लंडला 101 वर गुंडाळलं, 38 रनमध्ये 6 विकेट, आणि हा तो चंद्रा ज्याचा बॉलिंगचाच हात लहानपणी पोलिओने बारीक झालेला. सोलकरने शॉर्ट लेगला पुढे झेप घेऊन ॲलन नॉटचा कॅच घेतला, बॉल जमिनीपासून इंचावर असताना, त्याचा फोटो अजून बघितला तरी अंगावर काटा येतो. शेवटच्या दिवशी आपल्याला 97 रन हवे होते, 76 वर 2. सकाळीच वाडेकर रनआऊट झाले, एकही रन न वाढवता. कॅप्टन, 45 वर सेट झालेला, अशा दिवशी रनआऊट. आणि ते आत जाऊन झोपले! मॅच जिंकल्यावर त्यांना उठवून सांगावं लागलं.

ही झोपेची गोष्ट लोक किस्सा म्हणून सांगतात. मी ती वेगळी बघतो. सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनिअर बाहेर खेळायला आहेत म्हटल्यावर आपलं काम आता संपलंय हे त्या माणसाला मनापासून वाटत होतं. बाल्कनीत येरझाऱ्या घालणारा कॅप्टन बाहेर खेळणाऱ्याला काय सांगत असतो, की माझा तुझ्यावर भरवसा नाहीये.

बरं, पतौडींचं काय झालं? ते 1972-73 ला इंग्लंडविरुद्ध परत आले आणि वाडेकरांच्या हाताखाली खेळले, मद्रासला चांगले 73 केले, आणि ती सिरीजही आपण जिंकलो, 2-1. जुना कॅप्टन तुमच्या टीममध्ये बसलेला असताना नीट वागणं, ना त्याला कमी लेखायचं ना स्वतः दबून राहायचं, ज्यांच्या ऑफिसात आधीचे साहेब अजून शेजारच्या केबिनमध्ये बसतात त्यांनाच कळेल हे किती अवघड आहे. इथे स्वभाव कामाचा नाही, इथे माणूस आतून कसा आहे ते लागतं.

आणि आता 1974. माणूस तोच, स्वभाव तोच. इंग्लंडमध्ये तिन्ही टेस्ट हरलो. लॉर्ड्सला 42 ऑलआऊट, अवघ्या 17 ओव्हरमध्ये. टीममध्ये तट पडले होते, स्पिनर बेदी आणि वाडेकर यांचं पटत नव्हतं हे काही लपून राहिलं नाही, मैदानाबाहेरही एकामागून एक भानगडी झाल्या. थंडी होती, पिच हिरव्या होत्या, समोरचे बॉलर चांगले होते, हे सगळं खरं, पण टीम एकमेकांपासून तुटली होती हेही खरं. 1971 ला कमी बोलणारा कॅप्टन म्हणजे भरवशाचा माणूस होता, कारण जवळपास सगळे त्याला ओळखत होते आणि रिझल्ट बाजूने होते. 1974 ला तेच न बोलणं, पण आता प्रत्येकजण त्याचा आपापला अर्थ लावायला लागला. याला माझी पर्वा नाही. हा मुंबईवाल्यांचाच विचार करतो. गप्प माणसाच्या बाबतीत हेच होतं, तो जी जागा रिकामी सोडतो ती दुसरे लोक भरतात.

मी हे स्वतः बघितलंय. आमचे एक साहेब होते, अतिशय सज्जन, बोलायचे मोजकंच. कंपनीत माणसं कमी करणार अशी बातमी आली तेव्हा तीन आठवडे ते आमच्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. चहाच्या मशीनपाशी रोज नवीन यादी तयार व्हायची, याचं नाव आहे, तिचं नाव आहे, साहेबांनीच दिलंय. दोन चांगली माणसं त्या भीतीने आपणहून सोडून गेली. नंतर कळलं की साहेब ते तीन आठवडे वरच्या लोकांशी आमच्या एकेका नावासाठी भांडत होते. एक वाक्य बोलले असते, की मी प्रयत्न करतोय, अजून काही ठरलेलं नाही, एवढं पुरलं असतं. मला अजून वाईट वाटतं त्याचं, त्यांच्यासाठीही आणि गेलेल्या दोघांसाठीही.

वाडेकरांना किंमत मोजावी लागली. इंदूरला 1971 च्या विजयासाठी सिमेंटची भलीमोठी बॅट उभी केली होती, तिला लोकांनी काळं फासलं. वेस्ट झोनच्या टीममधूनही त्यांना काढलं आणि त्यांनी खेळणं थांबवलं. ज्या माणसाने लागोपाठ तीन सिरीज जिंकून दिल्या त्याचं हे झालं.

पण ते परत आले, 1992 ला टीमचे मॅनेजर म्हणून. अझरुद्दीन कॅप्टन, तोही अबोलच, आणि तरी दोघांचं छान जमलं. 1993 ला इंग्लंड इकडे आलं आणि आपण त्यांना 3-0 ने हरवलं.

आणि मार्च 1994, ऑकलंड. सकाळी सिद्धूची मान आखडली, ओपनिंगला माणूस नाही. वीस वर्षांचा सचिन, तोवर वनडेत खाली खेळणारा, वाडेकर आणि अझरकडे आला आणि विनवायला लागला की मला एक चान्स द्या, नाही जमलं तर परत कधी मागायला येणार नाही. वाडेकरांनी हो म्हटलं. 49 बॉलमध्ये 82.