सर्वात मागची सायकल

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'नागपूर ते पचमढी: सायकल सहलीचं नियोजन'. गिअर, मुक्काम, घाट, सगळं सांगणार आहे. पण आधी एक घडलेली गोष्ट सांगू द्या. ती सांगितल्याशिवाय बाकीच्या नियोजनाला अर्थ नाही, असं माझं पक्कं मत आहे. गटानं निघायचं तर कोणती सायकल घ्यावी हा प्रश्न नंतरचा. आपल्यात सर्वात मागे कोण राहणार आणि त्याच्याजवळ कोण थांबणार, हे आधी ठरवायचं.

रस्ता तुमच्या पायाखालचाच आहे. नागद्वारच्या यात्रेला, महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन चौरागडावर, विदर्भातल्या कितीतरी घरांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात. सावनेर, सौंसर, रामाकोना, मग सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, तामिया, मटकुली आणि पचमढी. सुमारे अडीचशे किलोमीटर. बसच्या खिडकीतून बराचसा सपाट वाटतो. पण नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास आणि पचमढी हजाराच्या वर. मधले चढउतार वेगळेच. सातपुडा काय आहे ते मांड्यांना कळतं.

तर, डिसेंबर महिना. आम्ही अकरा जण पहाटे साडेपाचला झिरो माइलच्या दगडाजवळ जमलो. गटप्रमुख मी. सर्वांत वयानं मोठ्या आमच्या ताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकोणसाठ वर्षांच्या. रोज सकाळी तीस किलोमीटर सायकल चालवणारी बाई, कच्ची नव्हे. फक्त त्यांचा वेग ताशी चौदाचा आणि बाकीच्यांचा अठराचा. मी त्यांना म्हटलं, "ताई, तुम्ही तुमच्या लयीत या, आम्ही दर पंचवीस किलोमीटरवर थांबतो." यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलंच नाही.

आता हिशेब बघा. पंचवीस किलोमीटरला अठराच्या वेगानं त्र्याऐंशी मिनिटं लागतात, चौदाच्या वेगानं एकशे सात. फरक चोवीस मिनिटांचा. आम्ही अर्धा तास थांबणार. म्हणजे ताई पोहोचल्या की त्यांच्या वाट्याला सहा मिनिटं. दिवसभरात असे चार थांबे धरा. धडधाकट पोरांना दोन तास विश्रांती आणि जिला खरी गरज, तिला चोवीस मिनिटं! पुढच्या टप्प्यावर ती आणखी थकणार, आणखी मागे पडणार, विश्रांती आणखी कमी होणार. यात कोणाचा दुष्टावा नाही. गट असाच सोडून दिला की हे आपोआप घडतं, म्हणून तर ते थांबवावं लागतं.

सावनेरला तर्री-पोहे झाले. तिथून पुढे रस्त्याच्या कडेनं आंबिया बहाराची शेवटची संत्री घेऊन लोक बसलेले, पोरं खिसे भरून निघाली. रामाकोन्याला चहाच्या टपरीवर ताई पोहोचल्या तेव्हा सगळे हेल्मेटचे पट्टे लावत होते. बाकावर दहा रिकामे ग्लास, तळाशी साय वाळलेली. ताईंनी एका हाताचा मोजा काढला, दुसऱ्याचा काढायचा की नाही या विचारात थांबल्या. मग अगदी साधेपणानं म्हणाल्या, "तुम्ही सारे चहा पिऊन राहिले, अन् मी आली का नुसते ग्लास पाहून राहिली."

सगळे हसले. मीही हसलो. आणि आम्ही निघालो. हे आजही मनाला लागतं. बाईनं तोंडानं सांगितलं, तरी आम्ही निघालो.

सिल्लेवानीचा घाट चढून आम्ही वर थांबलो. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. फोन लागेना. मी एकटा परत खाली उतरलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ताई किलोमीटरच्या दगडावर बसलेल्या, एक बूट काढलेला, पोटरीत गोळा आलेला. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून पाणी आणि गुळाचा खडा दिला होता, तो अर्धा त्यांच्या हातात तसाच. मी पायाची चौकशी केली. म्हणाल्या, "पायाचं काही नाही, तो उतरते. मागे पाह्यलं तर कोणी नाही, समोर पाह्यलं तर कोणी नाही. मले वाटलं, मी आली तरी कोणासोबत?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. त्या दिवसापासून मी या विषयावर जिथे बोलायला मिळेल तिथे बोलतो.

आपलं गाव रेल्वेचं. तुमच्यापैकी काहींच्या घरी रेल्वेची नोकरी असेल, त्यांना हे ठाऊक आहे. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली रंगवलेली असते आणि खाली 'एलव्ही' अक्षरांची पाटी लटकते. म्हणजे हा शेवटचा डबा. इंजिन समोरून गेलं म्हणून स्टेशनातला माणूस गाडी गेली असं मानत नाही. ती फुली डोळ्यांनी पाहिली की मगच गाडी पूर्ण गेली. मधेच डबे सुटून मागे राहिले असतील तर हाच पुरावा. आपल्या गटालाही अशी फुली हवी. आम्ही आता दोघं नेमतो. ते आलटून पालटून शेवटी चालवतात आणि त्यांच्या मागे गटातलं कोणीही नसतं. हे काम नवख्याला द्यायचं नाही, सर्वांत दमदार माणसाला द्यायचं. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्यानं पूर्ण केली, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण ती घड्याळाशी शर्यत होती. सहल म्हटली की मोजमाप वेगळं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर नियोजन पटापट सांगतो.

वारा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सपाटीवर समोरच्या सायकलीच्या अगदी मागे राहिलं तर बरीच ताकद वाचते. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक उत्तरेकडून, म्हणजे पचमढीला जाताना तोंडावर. म्हणून सपाटीला दमदार माणसं पुढे, सर्वांत हळू माणूस दुसरा किंवा तिसरा. वेग त्याच्या श्वासावर ठरवायचा. त्याला पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. घाटात मात्र आपण ताशी सात-आठनं चढतो, तिथे आडोशाचा उपयोग जवळजवळ नाही. ज्यानं त्यानं आपल्या लयीत चढावं, शेवटचे दोघं सोडून.

विश्रांती. अर्धा तास शेवटची सायकल टेकली तिथून मोजायचा. तोवर घड्याळ सुरूच झालेलं नाही.

मुक्काम. आम्ही आता चार दिवस घेतो: सौंसर, छिंदवाडा, तामिया, पचमढी. पहिल्याच दिवशी छिंदवाडा गाठायचा हट्ट नको, सव्वाशे किलोमीटर आणि शेवटी घाट.

गिअर. पुढे चौतीस दाते, मागे चौतीस दाते असले की पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, सुमारे २.१ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. सामान लादून चढायला एवढा हलका गिअर हवाच, नाहीतर सगळा भार गुडघ्यांवर येतो.

उतार. तामियाहून देलाखारीमार्गे मटकुलीला उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा. दोन सायकलींत भरपूर अंतर ठेवा. जंगलाचा भाग आहे, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा.

शेवटचं, मग जागा मोकळी करतो. पंप, ट्यूब आणि चेन जोडायचं सामान पुढच्याच्या पिशवीत ठेवू नका, सर्वात मागच्याकडे द्या. पुढच्याचं चाक पंक्चर झालं तर मागून सगळे त्याच्यापर्यंत येतातच. मागच्याचं झालं तर पुढच्याला ते घाट चढून झाल्यावर कळतं.