पडद्यावरून नकाशावर आलेली नदी

नमस्कार श्रोतेहो.

थायलंडमध्ये कांचनाबुरीला एक काळा लोखंडी पूल आहे. पर्यटक त्याच्या रुळांवरून जपून पावलं टाकत चालतात, फोटो काढतात. 'क्वाय नदीवरचा पूल' तो हाच. पण दुसऱ्या महायुद्धात युद्धकैद्यांना राबवून जपान्यांनी तो बांधला, तेव्हा त्याखालच्या नदीचं नाव क्वाय नव्हतंच. ती होती मे क्लाँग. एका फ्रेंच कादंबरीत पूल क्वायवर पडला, १९५७ मध्ये त्यावर चित्रपट निघाला, त्याला सात ऑस्कर मिळाले आणि लोक तो पूल शोधत यायला लागले. मग १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागाचंच नाव बदलून ख्वे याई ठेवलं. ख्वे म्हणजेच गोऱ्यांची क्वाय. पाहुण्यांचं मन मोडायचं कशाला!

नदीचं एक वेळ ठीक, पण माणसांचं काय?

चित्रपटातला ब्रिटिश कर्नल शत्रूसाठी पूल उत्तम बांधायच्या नादाला लागतो. प्रत्यक्षात त्या छावणीतले ज्येष्ठ अधिकारी होते फिलिप टूसी. त्यांची माणसं लाकडात वाळवी सोडायची, काँक्रीट मुद्दाम कच्चं कालवायची. सुटून आलेल्या कैद्यांना तो चित्रपटातला कर्नल फार झोंबला. पडद्यावरचा क्रूर छावणीप्रमुख सायतो. खरा सायतो साधा सार्जंट मेजर होता, आणि युद्धानंतर त्याच्या बाजूनं बोलले ते टूसीच.

मला मात्र खटकतं ते वेगळंच. हा पूल थायलंड ते बर्मा अशा ४१५ किलोमीटरच्या रेल्वेवरचा. त्या रेल्वेवर साठेक हजार युद्धकैदी राबले, त्यातले १२,००० हून अधिक मेले. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, शिवाय बर्मी, जावानीज, मलय असे आशियाई मजूर होते दोन लाखांच्या घरात. पगाराचं आमिष, नाहीतर सरळ धरपकड. १९४३ च्या पावसात छावण्यांमध्ये पटकी शिरली. कैद्यांजवळ निदान त्यांचे लष्करी डॉक्टर होते. मजुरांजवळ बहुतेक ठिकाणी कुणीच नव्हतं. त्यांच्या मृतांची धड मोजदादही झाली नाही. अंदाज ९०,००० च्या आसपास जातो. त्या सात ऑस्करवाल्या कथेत त्यांना जागा नाही.

पुलाहून परतताना गावात युद्ध-दफनभूमी लागते. हिरवळ कापलेली, सुमारे ७,००० थडगी रांगेत. प्रत्येक ओळखलेल्या सैनिकाच्या उशाशी धातूची पाटी: नाव, पलटण, वय. त्या रांगांमध्ये रबराच्या मळ्यावरून आलेला एकही मजूर नाही.