इंटरव्यूत आपणही विचारायचं असतं

मुलांनो, इंटरव्यू संपत आला की समोरचा विचारतो, 'आपको कुछ पूछना है?' आणि आपली इंदूरची मराठी मुलं बहुतेक वेळा 'नो सर, थँक यू' म्हणून उठतात. मोठ्यांना उलट प्रश्न करायचे नाहीत असं घरचं वळण असतं. मला ते वळण आवडतं, पण इथे ते आडवं येतं, कारण जिथे रोज नऊ-दहा तास काढायचे ती जागा पारखायची हीच वेळ असते.

बरं, विचारायचं काय? कल्चर कसं आहे, ग्रोथ आहे का, असं विचारलं तर कोणीही 'बहुत अच्छा'च म्हणणार ना. म्हणून मत विचारू नका, घडलेलं विचारा. ही पोस्ट नवीन आहे की कोणी सोडून गेलंय, गेलं असेल तर तो माणूस किती दिवस टिकला? मागच्या डेडलाइनला टीम किती वाजता घरी गेली, रविवारी यावं लागलं का? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय काम हवंय? हे शेवटचं ज्याच्या हाताखाली काम करायचं त्यालाच विचारा, त्याला सांगता आलं नाही तर समजा की काम अजून ठरलेलंच नाही. पीथमपूरला प्लांटमध्ये जाणाऱ्यांनी रात्रीची शिफ्ट सुटल्यावर बस आहे का, इंदूरला कुठपर्यंत सोडते, हे विचारावं. मुलींनी तर नक्कीच, यात लाजायचं काही नाही.

पैशांचं मात्र एचआरला विचारा, आणि नीट विचारा, कारण इथेच मुलं सगळ्यात जास्त फसतात हो. समजा सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च, सहा लाख सांगितलं, म्हणजे महिन्याला 50 हजार असं आपण घरी सांगून मोकळे होतो. पण त्यात 10 टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा भाग, असेल तर 5 हजार दर महिन्याला येणारच नाहीत, बेसिक म्हणजे मूळ पगार 25 हजार धरला तर कंपनीचा 12 टक्के पीएफ 3 हजार, ग्रॅच्युइटीचे (काही वर्षं टिकून नोकरी सोडताना मिळते ती रक्कम) बेसिकच्या 4.81 टक्के म्हणजे बाराशे, हे सगळं त्या सीटीसीतच मोजलेलं असतं, मग तुमचा स्वतःचा पीएफ अजून 3 हजार आणि वर प्रोफेशनल टॅक्स. हातात उरतात साधारण साडेसदतीस हजार. म्हणून सरळ म्हणा, 'सर, इन हँड कितना आएगा, और पिछले साल वेरिएबल कितना मिला था लोगों को?'

नोटीस पिरियड 30 दिवस की 90, बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार, आहे का, मध्येच सोडलं तर किती रक्कम भरायची, हे तोंडी ऐकून थांबू नका, ईमेलवर मागा. ऑफर लेटर वाचायला दोन दिवस मागा, घरी दाखवा. आणि ओरिजिनल मार्कशीट कोणी ठेवून घेतो म्हणाला तर देऊ नका, दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि परत घ्यायची.